मालवाहू टेम्पो केव्हा घ्यावा?

व्यापारी आपला माल पारखून घेतो; पण मालवाहू टेम्पो घेताना मात्र तोच मुहूर्तावर विसंबतो. दसरा आणि धनत्रयोदशीस बडोद्यातील वाहनविक्रेत्यांकडे गर्दी उसळते. दारात गिऱ्हाइकांची रांग असता विक्रेता भाव का उतरवील? हा न्याय आपण स्वतःच्या पेढीवर नित्य पाहतोच.

डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत धनुर्मास, म्हणजे येथील कमुरता, असतो. शुभ खरेदी थांबते. आणि त्याच सुमारास सरत्या सालच्या बनावटीच्या गाड्या खपविण्याची विक्रेत्यास निकड असते. सौदा ठरवावा तो या दिवसांत.

मात्र आधी हिशोब मांडावा. जानेवारी लागताच ती गाडी कागदोपत्री गतसालची ठरते. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याची सूट पुढे विक्रीत वजा होते. दहा वर्षे वापरणाऱ्याची सहसा होत नाही. शिवाय आर्थिक वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलेल्या वाहनावर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. परंतु भरलेल्या कराची वजावट घेणाऱ्यास त्याचा लाभ थोडाच.

जुना टेम्पो वाटेत बंद पडून माल अडत असेल, तर डिसेंबरची वाट पाहणे ही काटकसर नव्हे. गेलेले गिऱ्हाईक कोणत्याही सवलतीहून महाग पडते. एरवी वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखून पूजा उत्तरायणानंतर करावी. मुहूर्त पूजेचा पाहावा, सौद्याचा नव्हे, असे आमचे नम्र मत आहे.