पहिलाच अल्बम, तोही लाइव्ह!

नव्या बँडचा पहिला अल्बम म्हटलं की सगळं कसं चकाचक हवं. महागडा स्टुडिओ, दहा-दहा रिटेक, मग मिक्सिंग. 'एमसी फाइव्ह' या अमेरिकन बँडनं ही भानगडच ठेवली नाही. डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये ३० आणि ३१ ऑक्टोबर १९६८ अशा दोन रात्री त्यांनी जीव खाऊन वाजवलं, इलेक्ट्रा कंपनीनं ते रेकॉर्ड केलं आणि १९६९च्या सुरुवातीला 'किक आउट द जॅम्स' बाजारात आला.

एमसी म्हणजे मोटर सिटी, गाड्यांच्या कारखान्यांचं डेट्रॉइट. १९६७च्या जुलैमध्ये याच शहरात दंगल पेटली आणि ४३ माणसं गेली. पुढच्या वर्षी शिकागोत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हा हा बँड तिथल्या लिंकन पार्कमध्ये वाजवत होता. मॅनेजर जॉन सिंक्लेअर तर ब्लॅक पँथर्सना पाठिंबा द्यायला व्हाइट पँथर पार्टी काढून बसलेला! हा सगळा राग अल्बममध्ये ऐकू येतो. वेन क्रेमर आणि फ्रेड स्मिथच्या गिटार एकमेकींवर अक्षरशः तुटून पडतात. आवाज फाटतो, गर्दी ओरडते. फिनिशिंग वगैरे विसरा!

कंपनीला तरी दुसरं काय हवं होतं? बंडखोरी तेव्हा जोरात खपत होती. पण टायटल साँगच्या सुरुवातीलाच गायक रॉब टायनरनं एक सणसणीत शिवी हासडलेली. डेट्रॉइटचं बडं डिपार्टमेंट स्टोअर हडसन्स म्हणालं, रेकॉर्ड ठेवणार नाही. बँडनं काय करावं? पेपरात पानभर जाहिरात देऊन हडसन्सलाच शिवी घातली. खाली लोगो कुणाचा, तर इलेक्ट्राचा! हडसन्सनं इलेक्ट्राच्या सगळ्याच रेकॉर्ड्स काढून टाकल्या आणि इलेक्ट्रानं बँडला.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही मीटिंगमध्ये 'बिनधास्त बोला' म्हणतात. कुणी खरंच बोललं आणि क्लायंट दुखावला, की पुढच्या अप्रेझलला कळतं बिनधास्त म्हणजे किती ते.

दुसरा अल्बम दुसऱ्या कंपनीकडून १९७० मध्ये आला. स्टुडिओतला, नीटनेटका. तो ऐकताना कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखं वाटतं. १९७२ संपता संपता बँडही संपला. पहिल्या अल्बमच्या पाचांपैकी शेवटचा उरलेला ड्रमर डेनिस थॉम्पसन मे २०२४ मध्ये गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं मान दिला. घ्यायला पाचांपैकी एकही जण नव्हता.

ती शिवी हुशारीची होती का? अजिबात नाही. महागात पडली. पण आज लोक ऐकतात तो अल्बम इस्त्रीचा नाही, त्या दोन रात्रींचा. आज घरी जाताना हेडफोन लावा. आवाज मात्र जरा बेतानं, शेजारचा दचकेल!