डोंगरगावचा डायनासोर आपल्या पोट्ट्यांच्या हातात कधी येणार?

आज राजकारण नाही. नगर परिषद, पाणी, रस्त्यावरचे खड्डे, सगळं उद्या. आज खेळण्यातल्या डायनासोरवर लिहितो आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, कारण विषय फिरून आपल्याच वरोरा तालुक्यात येणार आहे.

जगभरात एक छंद आहे. हुबेहूब दिसणारे खेळण्यातले डायनासोर जमवायचे. जत्रेत मिळतो तो दाबला की पीं-पीं करणारा हिरवा रबरी राक्षस नव्हे. शास्त्रज्ञांनी हाडं मोजून जे लिहिलं, ते वाचून मूर्तिकारानं घडवलेला प्राणी. जर्मनीची श्लाइख, फ्रान्सची पापो, अमेरिकेची सफारी, शिवाय कलेक्टा, चीनची पीएनएसओ आणि हाओलाँगगुड, अशा कंपन्या दरवर्षी नवे प्राणी बाजारात आणतात. आपल्याकडे नव्या मोबाईलची वाट बघतात तशी हे लोक नव्या डायनासोरची वाट बघतात. फोटो आला की चर्चा सुरू. दात बरोबर आहेत का, शेपूट किती जाड, पायाला बोटं किती.

मीही त्यातलाच एक. कपाटात तेवीस आहेत. घरचे म्हणतात, चाळिशी उलटली, आता तरी सुधारा. पण मला हे पोरखेळ वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगतो.

चांगलं मॉडेल म्हणजे त्या वर्षापर्यंत विज्ञानाला जे कळलं होतं त्याची नोंद असते. १९७४ पासून इंग्लंडमधल्या इन्व्हिक्टा कंपनीनं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी डायनासोर काढले. पुढे १९८८ ते २०१५ अशी सत्तावीस वर्षं सफारीनं अमेरिकेतल्या कार्नेगी म्युझियमच्या नावानं मालिका चालवली. जुनी मॉडेल बघा. टी-रेक्स कांगारूसारखा ताठ उभा, शेपूट जमिनीवर घासत. आजचं मॉडेल बघा. पाठ आडवी, शेपूट हवेत, समोरच्या वजनाचा तोल सावरणारी. प्राणी तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच मेला. बदललं ते आपलं ज्ञान.

स्पायनोसॉरसचंच घ्या. पाठीवर शीड असलेला तो मोठा मांसाहारी. एप्रिल २०२० मध्ये मोरोक्कोत सापडलेल्या त्याच्या शेपटीचं वर्णन प्रसिद्ध झालं. शेपूट निघाली वल्ह्यासारखी रुंद. झालं, तोवरची सगळी मॉडेल एका दिवसात जुनी. नंतर आलेल्या नव्या मॉडेलांत रुंद शेपूट दिसायला लागली. २०२३ मध्ये टी-रेक्सच्या तोंडाला ओठ असावेत, तोंड मिटलं की दात झाकले जात असावेत, असा अभ्यास आला. लगेच ओठवाले टी-रेक्स. पाठ्यपुस्तक बदलायला दहा वर्षं लागतात. खेळणं दोन वर्षांत बदलतं.

हे लक्षात आलं की नवं खेळणं विकत घेण्याची नजरच बदलते. मी तीन गोष्टी बघतो. एक, मांसाहारी डायनासोरचे पंजे. तळवे एकमेकांकडे, म्हणजे टाळी वाजवल्यासारखे हवेत. खाली वळलेले असले तर मूर्तिकारानं अभ्यास केलेला नाही. दोन, प्रमाण. पस्तीसास एक किंवा चाळीसास एक असं लिहिलेलं असेल तर दोन प्राणी शेजारी ठेवून खरी तुलना होते. तीन, नाव. डब्यावर नुसतं 'डायनासोर' लिहिलं असेल तर सोडून द्या. नाव नाही म्हणजे जबाबदारी नाही.

या छंदाला खोटी बाजूही आहे. मर्यादित आवृत्ती, आजच घ्या नाहीतर संपेल, डबा न उघडता ठेवा म्हणजे पुढे भाव येईल. हा सट्टा झाला. डब्यात बंद डायनासोर आणि बँकेच्या लॉकरमधला दागिना सारखाच, कुणाच्या उपयोगाचा नाही. माझं मत विचाराल तर वर्षाला एक घ्या, पण त्याच्याबद्दल सगळं वाचा, आणि घरातल्या पोरांना हाताळू द्या. रंग उडाला तर उडाला.

आता येऊ आपल्या गावाकडे.

या कंपन्यांच्या यादीत भारतातला एक प्राणी पोचला आहे, राजासॉरस. गुजरातेत रहियोलीला १९८० च्या दशकात त्याची हाडं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी गोळा केली आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव मिळालं. कलेक्टानं त्याचं खेळणं काढलं. म्हणजे नर्मदेकाठचा राजा परदेशातल्या पोरांच्या खेळण्यांत आहे. गुजरातनं त्या जागेजवळ संग्रहालय उभं केलं, २०१९ मध्ये ते सुरूही झालं.

आणि आपण?

वरोरा तालुक्यात डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीत १९८० च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी तो खोदून काढला. सोहन जैन आणि शाश्वती बंडोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. २००३ मध्ये त्याला स्वतंत्र वंशाचं नाव मिळालं, आयसीसॉरस. त्यातलं 'आयसी' हे त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं आहे, आयएसआय. हा नुसता एक दात किंवा एक मणका नव्हता. मणके, फासळ्या, कमरेची हाडं, खांदा, पुढचा पाय. भारतात सापडलेल्या या जातीच्या डायनासोरांमध्ये इतका भरीव सांगाडा फार थोड्यांचा आहे.

दिसायला कसा होता? पुढचे पाय लांब. एकट्या दंडाच्या हाडाची लांबी सुमारे १४८ सेंटीमीटर, म्हणजे सातवीतल्या पोराच्या उंचीएवढी. मान या घराण्याच्या मानानं आखूड आणि भक्कम. लांबीचे अंदाज ११ मीटरपासून १८ मीटरपर्यंत जातात. आपली लाल एस.टी. साधारण अकरा मीटरची धरा, म्हणजे कमीत कमी एक एस.टी.

तालुक्यातलंच दुसरं गाव, पिसदुरा. तिथं शेतात डायनासोरच्या विष्ठेचे दगड मिळतात. हो, विष्ठेचेच, लाखो नव्हे, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले. २००५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. तोवर डायनासोरच्या काळात गवत जवळपास नव्हतंच असं धरून चालत होते. म्हणून तर छंदी लोक मॉडेलखाली शेवाळ आणि नेचे लावतात, गवत लावलं की जाणकार हसतात. आपल्या पिसदुऱ्याच्या विष्ठेनं ती समजूत मोडली. त्या कणांत भाताच्या दूरच्या नातलगांचेही कण होते. झाडीपट्टीत आजही आपण काय पिकवतो, तर धान. यापेक्षा चांगली गोष्ट शाळेत सांगायला दुसरी कोणती हवी?

सिरोंचाकडे गेलात तर आणखी जुनं प्रकरण. तिथल्या कोटा गावाच्या नावानं दगडांचा एक थर जगभर ओळखला जातो. त्याच थरात प्राणहितेच्या पलीकडे बारापासॉरस सापडला. त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराई, रवींद्रनाथांच्या नावावरून. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

आता चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत फिरून या. खेळण्यांच्या दुकानात टी-रेक्स मिळेल, तोही तळवे खाली वळलेला. ताडोब्याच्या गेटवर वाघाचे टी-शर्ट, वाघाच्या टोप्या, वाघाचे मग मिळतील. मिळायलाच हवेत, वाघानं आपल्याला रोजगार दिला. पण आयसीसॉरस मागा. दुकानदार म्हणेल, हे काय असते जी?

इथं सरकारी धोरणाचा विषय येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेलं. २०२३ मध्ये ७० टक्के केलं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी भारत खेळण्यांचं केंद्र व्हावं असं आवाहन केलं. शिसं असलेला रंग आणि हलकं प्लास्टिक पोरांच्या तोंडात जाऊ नये, या बाजूनं मी पूर्ण आहे. देशी कारखान्याला आधार मिळावा, यालाही विरोध नाही.

पण दार बंद केल्यावर घरात काय शिजवायचं याचा विचार नको का? शुल्क वाढवून बाहेरचा चांगला डायनासोर महाग झाला. हजार-दोन हजारांचं एक मॉडेल शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरात कसं जाणार? आणि त्या जागी देशी काय आलं? तोच हिरवा राक्षस, फक्त चिन्हासकट. आपण खेळणं सुरक्षित केलं, पण खरं केलं नाही.

कुणी म्हणेल, पोरांना शाळेत छप्पर नाही आणि तुम्हाला डायनासोर सुचतोय. मान्य. छपराबद्दल मी याच भिंतीवर दहा वेळा लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. चाळीसास एक या प्रमाणात आयसीसॉरस केला तर लांबी २७ ते ४५ सेंटीमीटर होते, बाकावर मावेल इतकी. एक चांगला साचा तयार करायला खर्च येतो, पुढचे नग स्वस्त पडतात. थ्रीडी प्रिंटिंग आता नागपुरात सहज होतं. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्या आयएसआय आदेशातून सूट आहे. म्हणजे बचत गटाला किंवा कारागिरांच्या गटाला हे काम कायद्यात बसवून करता येईल.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जिल्हा परिषदेनं किंवा पर्यटन विभागानं भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारून आयसीसॉरसचं एक अधिकृत मॉडेल तयार करून घ्यावं. मूळ सांगाड्यात कवटी आणि मागचे पाय नव्हते, तेव्हा एवढा भाग अंदाजानं केला आहे असं चिठ्ठीवर मराठीत स्पष्ट लिहावं. पोरांना हेही कळू दे की विज्ञानात 'माहीत नाही' म्हणायला लाज वाटत नाही.

जिल्ह्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेला त्यातलं एक द्यावं. कपाटात कुलूप लावून ठेवायला नाही, हाताळायला.

ताडोब्याच्या गेटवर, महाकाली यात्रेत आणि आनंदवन बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते विकायला ठेवावं. चिठ्ठीवर डोंगरगाव आणि पिसदुरा ही नावं ठळक असावीत.

आता याची एवढी घाई का, ते सांगतो. आपली काळी कापसाची जमीन ज्या लाव्ह्यापासून झाली, त्याच्या खालच्या थरात हे जीवाश्म आहेत. शेत नांगरताना, विहीर खोदताना, मुरूम काढताना ते वर येतात. ओळखणारा कुणी नसेल तर तो दगड बांधाला लागतो, रस्त्याच्या भरावात जातो, नाहीतर कुणाच्या तरी पिशवीतून गावाबाहेर जातो. एकदा गेला की त्याची जागा, थर, काळ सगळं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं भूवारसा जपण्याच्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. कायदे व्हावेतच. पण प्रत्येक बांधावर पोलीस उभा करता येत नाही. बांधावर असतो तो शेतकरी आणि त्याचं पोट्टं.

ज्या पोरानं आयसीसॉरसचा पाय हातात धरून बघितला आहे, ते पोर वावरातला वेगळा दगड पाहून थांबेल. बापाला म्हणेल, बाबा, याले फोडू नका, मास्तरले दाखवू. ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. आणि असा दगड दिसलाच तर उचलू नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, तहसील कार्यालयात किंवा कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना कळवा.

परदेशातल्या कंपन्या पुढच्या वर्षीही नवे डायनासोर आणतील. त्यांच्या यादीत आपल्या प्राण्याचा नंबर लागेल म्हणून वाट बघत बसायची गरज नाही. जमीन आपली, हाडं आपल्या मातीतली, नाव जगानं मान्य केलेलं. फक्त खेळणं करायचं बाकी आहे.

जिल्हा परिषद सदस्य, शिक्षक, बचत गटाच्या ताई, थ्रीडी प्रिंटिंग येणारी पोरं, जे कुणी ही पोस्ट वाचत असाल त्यांनी कमेंटमध्ये लिहा, तुम्ही यात काय करू शकता. नुसता अंगठा नको. पाच माणसं पुढे आली तर पहिलं निवेदन मी स्वतः टाइप करून घेऊन येतो.