मालिकेचा लेखक आणि सीमाभागाची बोली

दूरचित्रवाणीवरील एखाद्या मराठी मालिकेत निपाणीकडची किंवा बेळगावकडची म्हणून एक बाई अवतरते. अंगावर काठपदराचे लुगडे, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि तोंडी 'रं', 'गं', 'बया'. तिची दोन वाक्ये होतात न होतात तोच बेळगावच्या खडेबाजारातला प्रेक्षक ओळखतो, की ही बाई आपल्याकडची नव्हे. ती साताऱ्याची नाही, कोल्हापूरची नाही, सीमेपलीकडची तर नाहीच नाही. तिचा जन्म मुंबईच्या उपनगरातील एखाद्या लिहिण्याच्या टेबलावर झालेला असतो. प्रेक्षक हसतो आणि पुढचा भाग पाहतो. आम्हांला मात्र हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा वाटत नाही. जिथे मराठी रोज कन्नडसारख्या समर्थ भाषेच्या शेजारात नांदते, त्या मुलखाची बोली पडद्यावर येताना खोटी होते, याचा अर्थ इतकाच, की ती लिहिण्यापूर्वी कोणी ऐकलेली नसते.

दोष लेखकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याचा दिवस कसा जातो हे पाहिल्यावाचून तसे करणे अन्यायाचे होईल. दैनंदिन मालिकेच्या अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता सुमारे बावीस मिनिटे उरतात, आणि तेवढा मजकूर आठवड्यातून पाच-सहा वेळा पुरवावा लागतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, अशी कामाची वाटणी असते. पटकथाकार आधी प्रत्येक भागाचा त्रोटक आराखडा करतो; धंद्यात त्याला 'वनलाइन' म्हणतात. वाहिनीकडील मंडळींनी त्यावर मान डोलावली, की दृश्यांची फोड होते. कोणत्या घरात, दिवसा की रात्री, कोण कोण हजर, आणि दृश्य कशावर तुटते, एवढे ठरले की ते भेंडोळे संवादलेखकाकडे येते. सकाळी आलेली दृश्ये संध्याकाळी परत द्यायची असतात. मध्येच चित्रीकरणाच्या जागेवरून फोन येतो, की सासऱ्याचे काम करणारे गृहस्थ तापाने आडवे झाले आहेत, त्यांची वाक्ये जावेच्या तोंडी घाला. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे जाहीर होतात, आणि आकडा घसरला तर महिनाभर बेतलेला कथाभाग दोन दिवसांत आवरता घ्यावा लागतो. तयार भागांच्या शिलकीला या व्यवसायात 'बँक' असे भारदस्त नाव आहे. ती बँक बहुधा दिवाळखोरीतच असते. मोबदला भागागणिक ठरतो आणि तो हाती पडण्यास तीन महिने लागावेत असा प्रघात आहे. स्वामित्वहक्काच्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन लेखकाला स्वामित्वधनाचा हक्क मिळाला हे खरे, पण कायद्यातला हक्क पदरात पाडून घेण्यासाठी जी सवड लागते तीच या माणसाजवळ नाही.

अशा माणसाने बोली ऐकायची केव्हा? मग तो जवळचा मार्ग धरतो. वाक्याच्या शेवटी 'की' लावले म्हणजे कोल्हापुरी झाले, आणि त्यात एखादा 'अण्णा' किंवा 'अक्का' टाकला म्हणजे बेळगावी झाले, असा एक ठोकताळा रूढ झाला आहे. लेखकाची हत्यारे म्हणजे काय, असा प्रश्न विचारला तर हल्ली संगणक, लेखनाची आज्ञावली, भ्रमणध्वनीवर बोलून पाठवलेले निरोप अशी यादी ऐकू येते. पूर्वी दूरदर्शनच्या संहितेसाठी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे ध्वनी लिहीत असत. कार्बन कागद घालून प्रती काढीत. साधने बदलली याची आम्हांला खंत नाही. मात्र एक धोका नोंदवला पाहिजे. हिंदी चित्रपट-मालिकांत संवाद रोमन लिपीत लिहिण्याची चाल बोकाळली आहे. मराठीत अद्याप देवनागरीचा मान राहिला आहे, पण घाईच्या वेळी रोमन अक्षरे इथेही डोकावतात. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांतला भेद सहज पुसला जातो, आणि सीमाभागाच्या दोन्ही भाषांना तर 'ळ' आणि 'ण' प्राणासारखे. नटाला मूळ बोली ठाऊक नसेल, तर तो कागदावर दिसेल तेच बोलणार.

खरे हत्यार लेखकाचा कान. त्या कानाला सीमाभागात काय ऐकू यावे हे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. बेळगाव-निपाणीकडची बाई 'मी जाते' असे न म्हणता पुष्कळदा 'मी जातो' म्हणते. पुण्यामुंबईच्या कानाला हे चमत्कारिक वाटते आणि कोणी त्याला अशुद्ध म्हणतो. पण कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांसाठी तिथे एकच रूप चालते. पिढ्यान्पिढ्या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बोलल्या गेल्यावर मराठी क्रियापदानेही ती सवय उचलली असेल, तर त्यात नवल नाही. 'पण' या अर्थी 'खरं' हा शब्द तिथे सर्रास येतो: 'आलो असतो, खरं वेळ नव्हता.' परक्याला यात सत्यकथन ऐकू येते; तिथल्या माणसाला केवळ अडचण ऐकू येते. 'मी काम केलं' याऐवजी 'मी काम केलो' ही रचनाही तशीच, कर्त्याला धरून चालणारी. ही सारी व्याकरणे नकळत पाळली जातात. 'बया' आणि 'रं' पेरून ती साधत नाहीत.

आणि ही बोली तरी एक कुठे आहे? निपाणी कोल्हापूरला लागून, तिचा सूर घाटावरचा. बेळगाव शहराची धाटणी निराळी. तिथे एकाच दुकानात गिऱ्हाइकागणिक भाषा बदलते आणि दुकानदाराला ती बदलल्याचे भानही नसते. खानापूर आमच्या गोव्याला चिकटलेले. तिथल्या बोलण्यात कोकणीचा ओलावा. चंदगडी बोलीची गोष्टच वेगळी. पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरांच्या परिघात इतकी विविधता असताना मालिकेत मात्र 'सीमाभागातील पात्र' एकाच साच्यातून निघते.

हे काम अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण ज्यांना कान होते त्यांनी ते करून ठेवले आहे. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ प्राध्यापक होते. त्यांच्या 'गणगोत' मधले रावसाहेब ज्याने वाचले किंवा ऐकले आहेत, त्याला बेळगावी मराठीची लय वेगळी समजावून देण्याचे कारण नाही. हेच पु. ल. पुढे, १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली त्या आरंभकाळात, तिचे एक निर्माते होते. भारतीय दूरचित्रवाणीच्या पाळण्यापाशी बेळगावचे पाणी प्यालेला माणूस उभा होता, हे आजच्या वाहिन्यांच्या खिजगणतीत नाही. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. पिठाची गिरणी चालवता चालवता त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. दळण घेऊन येणारी माणसे त्यांच्या कानावरून रोज जात होती. ऐकण्यासाठी याहून चांगली बैठक कोणत्या लेखकाला मिळाली असेल? बेळगावात जन्मलेल्या प्रकाश नारायण संतांनी 'वनवास' पासून लंपनचे जे विश्व उभे केले, त्याला तर मराठी-कानडीचा शेजार श्वासासारखा आहे.

याच्या उलट एक मौजेचा दाखला आहे. रणजित देसाई बेळगावपासून जवळच असलेल्या कोवाडचे. त्यांच्या 'स्वामी' वरची मालिका गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आली आणि घरोघर पाहिली गेली. चंदगड तालुक्यातल्या लेखकाच्या लेखणीतून पडद्याला शनिवारवाड्याची भाषा मिळाली. चंदगडच्या ओसरीवरची मिळाली नाही. कादंबरीच पेशवाईवरची असल्याने यात देसाईंना बोल लावण्यासारखे काही नाही. पण घाटावरच्या या टोकाकडून आपण नेहमी दरबारी मराठी मागून घेतली आणि घरची मराठी तिथेच राहू दिली, असे म्हणावेसे वाटते.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांवर अनिल अवचटांनी लिहिले. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा लघुपट केला, तो त्या कामगार स्त्रियांना सोबत घेऊन. तिथे संहिता आधी लिहून पात्रांच्या हाती दिलेली नव्हती; ज्यांचे जगणे, त्यांच्याच सहभागातून ती आकाराला आली. दैनंदिन मालिकेला ही रीत जशीच्या तशी परवडणार नाही हे आम्ही जाणतो. पण चाळीस वर्षांपूर्वी फारशी साधने हाती नसलेल्या मंडळींना जे जमले, त्याचा काही अंश आजच्या वाहिन्यांना का जमू नये? २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली 'लंपन' ही मालिका सोनी लिव्हवर आली. मोजक्या भागांची मालिका आधी सबंध लिहून मग चित्रित करता येते. तिला गुरुवारच्या आकड्याची धास्ती नसते. संतांच्या जगाकडे वळण्याचे धैर्य तिथेच व्हावे आणि रोजच्या मालिकेत होऊ नये, याचे कारण या फरकात आहे असे आम्हांला वाटते.

आता मुळाशी जावे लागेल. वाहिन्यांचा सारा व्यवहार प्रेक्षकसंख्येवर चालतो. 'बार्क' ही संस्था २०१५ पासून ती मोजते, आणि मराठी वाहिन्यांचा हिशेब मांडला जातो तो 'महाराष्ट्र-गोवा' या बाजारपेठेत. आमचा गोवा त्यात आहे, ही आनंदाची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. त्याच जनगणनेत बेळगाव जिल्हा सत्तेचाळीस लाखांवर होता आणि त्यांतली मराठी माणसे लाखांनी मोजावी लागतात. पण ती कर्नाटकच्या रकान्यात पडतात. म्हणजे निपाणीतली बाई वखारीतून घरी येऊन रोज रात्री मराठी मालिका पाहते, तरी मराठी वाहिनीच्या जाहिरातीच्या हिशेबात ती धरलीच जात नाही. जी मोजली जात नाही, तिच्यासारखे बोलण्याची तसदी वाहिनी लेखकाला कशाला देईल? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याविषयी येथे काही म्हणण्याचे प्रयोजन नाही. पण सीमेची एक रेघ प्रेक्षकांच्या हिशेबातूनही गेली आहे, आणि ती मारण्यासाठी कोणत्याही आयोगाची गरज लागली नाही.

बोलीने प्रेक्षक दुरावतो ही भीती खोटी आहे, हे २०१६ मध्येच दिसून आले. 'रात्रीस खेळ चाले' मध्ये मालवणी घरोघर गेली, आणि तिचे शब्द ज्यांना समजत नव्हते तेही पाहत बसले. मालवणीला जे साधले त्यामागे मालवणी नाटकांची, दशावताराची आणि ती बोलणाऱ्या नटांची फळी तयार होती, हे मात्र विसरता येणार नाही. बेळगावलाही परंपरा नाही असे थोडेच आहे? संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याही आधी, १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिले नाटक रचले ते उत्तर कानड्यातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. मराठी रंगभूमीने कानडी शेजाराकडून घेतलेले हे देणे मराठी पडद्याने नाकारण्यात शहाणपण नाही.

मग करावे काय? मालिका सीमाभागात घडणार असेल, तर संवादलेखकाला चित्रीकरणापूर्वी चार आठवडे पगारी तिथे राहू द्यावे. चार आठवड्यांचा हा खर्च एका दिवाणखान्याच्या नेपथ्याहून जड जाणार नाही. बोलीचा जाणकार नेमावा, त्याचे नाव श्रेयनामावलीत द्यावे आणि त्याला भागागणिक पैसे द्यावेत. चहा पाजून 'जरा बघून द्या' म्हणण्याची रीत बंद व्हावी. संहिता आता क्षणात मुंबईला पोचते, तेव्हा बेळगावच्या लेखकाने अंधेरीत खोली घेऊन राहण्याची सक्ती कशासाठी? गोव्याकडेही थोडे काम आहे. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो, आणि बेळगाव इथून चोर्ला घाटाने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. आमची भाजी रोज त्या वाटेने येते. महोत्सवाच्या दिवसांत सीमाभागातील दहा-बारा लिहित्या तरुणांसाठी पटकथेचे एक शिबिर भरवणे सरकारला जड नाही. आणि त्यांतून जो लेखक उद्या वाहिनीशी करार करील, त्याने त्यात एक कलम आग्रहाने घालून घ्यावे: निपाणीची बाई कागदावर 'मी जातो' म्हणाली असेल, तर कोणीही ते सुधारून 'मी जाते' करू नये.