स्त्रीबीज काही हवेतून येत नाही

मूलपेशींपासून प्रयोगशाळेत स्त्रीबीज वाढवायचं म्हटलं की कोल्हापुरातही एक आक्षेप हमखास ऐकू येतो: निसर्गात ढवळाढवळ कशाला? बीज देणाऱ्या बायका मिळतातच की! यातलं दुसरं वाक्य मला सहन होत नाही.

राजारामपुरीतल्या वंध्यत्वाच्या एका दवाखान्यात भेटलेली बाई आठवते. गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं आलेली. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात इंजेक्शनची कुपी. पोटावर टोचल्याचे निळे-पिवळे डाग तिनं बोटानं दाखवले. इंजेक्शनांचा आठवा दिवस होता. बीज देणाऱ्या बाईलाही हेच सोसावं लागतं, वर भूल देऊन सुईनं बीजं काढतात. म्हणूनच २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं तिचं वय २३ ते ३५ ठरवलं, दान आयुष्यात एकदाच आणि बीजं ७ पेक्षा जास्त नकोत, असं बजावलं. हा भार कमी करू पाहणारं संशोधन अनैतिक कसं? निसर्गाचं म्हणाल, तर १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, त्याच उपचारासाठी आज राजारामपुरीत रांगा लागतात.

पण उतावळेपणाही मला मान्य नाही. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटानं ससा, मेंढी, माकड आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्या अंडाशयाचा पृष्ठभाग खरवडून त्या पेशी तीन आठवडे वाढवल्या. त्यांत ‘स्त्रीबीजासारख्या’ रचना दिसल्याचं २०११ साली प्रसिद्ध झालं. ‘सारख्या’ हा शब्द संशोधकांचाच आहे, आणि तो गाळायचा अधिकार कुणालाही नाही. गुणसूत्रं नेमकी निम्मी व्हावीत, शुक्राणूशी संयोग व्हावा, निरोगी जीव जन्मावा, तेव्हाच ते बीज. मोठ्या बाईच्या अंडाशयात बीज घडवणाऱ्या मूलपेशी असतात का, यावरच शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जपानमध्ये कात्सुहिको हायाशी यांच्या गटानं २०१६ साली उंदराच्या मूलपेशींपासून बशीतच बीजं घडवली, त्यांतून पिल्लंही झाली. उंदराची.

म्हणून हे काम सरकारी पैशानं, उघडपणे, इथेच व्हावं. त्याची विक्री मात्र आज होऊ नये. तुमच्या पेशींपासून बीज करून देतो म्हणत कुणी पैसे मागितले, तर बहिणींनो, उठून घरी या. अशा बीजातून माणसाचं बाळ आजवर जन्मलेलं नाही.