अनुदान मंजूर, पण हाती कधी?

महापालिकेचे अंदाजपत्रक सादर झाले, की उड्डाणपूल, पाणीपुरवठा आणि रस्त्यांसाठीच्या कोटींच्या आकड्यांची चर्चा होते. त्याच अंदाजपत्रकाच्या आतल्या पानांवर बचत गटांना साहाय्य, स्वयंसेवी संस्थांचे मानधन, लहान व्यावसायिकांसाठी योजना अशा किरकोळ भासणाऱ्या तरतुदीही असतात. त्यांच्यावर शहरातील हजारो कुटुंबांची रोजीरोटी अवलंबून असते. या रकमा पुरेशा आहेत काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्या वेळेवर मिळतात काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असूनही क्वचितच विचारला जातो.

अडचणीचे मूळ कायद्याच्या रचनेत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणी, गटारे, दिवाबत्ती टाळता येत नाही. संस्थांना साहाय्य देणे मात्र बहुतांशी ऐच्छिक सदरात मोडते. साहजिकच तिजोरीत खडखडाट झाला, की पहिली कात्री तेथेच लागते. शिवाय तरतूद म्हणजे पैसा नव्हे. विभागाचा प्रस्ताव, लेखा विभागाचा अभिप्राय, स्थायी समितीची मंजुरी, करारनामा, कामाची तपासणी आणि मग देयक अशी ही वाट असते. पुढचा हप्ता हवा, तर आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. बहुतेक वेळा संस्थेने खर्च आधी करायचा आणि परतफेडीची वाट पाहायची, असा प्रघात आहे. मोठा कंत्राटदार बँकेच्या कर्जावर हा काळ निभावून नेतो. दहा-बारा जणींच्या बचत गटाला मात्र सावकाराचे दार ठोठवावे लागते.

पुणे येथील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. नव्वदच्या दशकात पुणे महापालिकेने कचरावेचकांची ओळखपत्रे मान्य केली. तेव्हा कोणाच्या हाती एक रुपयाही पडला नाही. पण रस्त्यावर कचरा वेचणारी स्त्री ‘चोर’ न राहता शहराची कामगार ठरली. त्या मान्यतेच्या पायावर २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या सभासदांना नागरिकांनी थेट शुल्क द्यायचे आणि महापालिकेने व्यवस्थापन, साधने व प्रशिक्षणाचा भार उचलायचा, अशी ही रचना. पगारी कर्मचारी नेमण्याच्या तुलनेत महापालिकेवरील बोजा त्यामुळे कमी राहिला आणि तीन हजारांहून अधिक कचरावेचकांना सन्मानाचे काम मिळाले.

तथापि, २०१३ मध्ये हा करार संपला आणि पुढील पाच वर्षांचा करार होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. २०२० अखेर तोही संपला तेव्हा मुदतवाढीचा घोळ पुन्हा सुरू झाला. या मधल्या काळात शहरातील कचरा काही थांबला नव्हता. काम अखंड आणि करार खंडित, अशा अवस्थेत कोणती संस्था नवी माणसे नेमणार किंवा नवी साधने घेणार?

लहान व्यावसायिकांची कथा वेगळी नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी ‘पीएम स्वनिधी’ योजना सुरू केली. सुरुवातीस १० हजार रुपयांचे खेळते भांडवल, वेळेवर फेड केल्यास पुढे २० आणि ५० हजार, शिवाय व्याजावर ७ टक्के अनुदान, असे तिचे स्वरूप होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पहिले दोन टप्पे १५ व २५ हजारांवर नेले आणि कर्जवाटपाची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवली. कर्ज बँकेचे आणि अनुदान केंद्राचे असले, तरी किल्ली महापालिकेच्या हाती आहे. विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा शिफारसपत्र तीच देते. त्यासाठी सर्वेक्षण हवे आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समिती हवी. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले होते. तब्बल दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, समितीच्या निवडणुकीसाठी जी मतदारयादी झाली, तिच्यात सुमारे ३२ हजार नावे होती. जो यादीत नाही, तो अनुदानाच्या हिशेबातही नाही.

कठोर तपासणी हवीच, हे येथे मान्य केले पाहिजे. पैसा करदात्यांचा आहे, आणि बचत गटाचे नाव पुढे करून मागून कंत्राटदाराने काम चालवण्याचे प्रकार अनोळखी नाहीत. परंतु विलंब म्हणजे दक्षता नव्हे. उलट, ज्याच्यापाशी फाइल पुढे सरकवण्याची ओळख आहे तोच विलंबात तगतो. प्रामाणिक पण अनोळखी संस्था गळून पडते.

यावरचा तोडगा महापालिकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात रद्द झाली, तेव्हा आपले हक्काचे उत्पन्न जाणार, ही मुंबई महापालिकेची चिंता रास्त होती. राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, दरमहा भरपाई आणि तीत वर्षाला ८ टक्के वाढ अशी हमी दिली. पहिल्याच महिन्यात ६४७ कोटींचा धनादेश महापालिकेच्या हाती पडला. आश्वासनावर शहर चालत नाही, ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम लागते, हे तत्त्व तेव्हा सर्वांनी मान्य केले.

हेच तत्त्व महापालिकांनी आता स्वतः लागू करावे. करार संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा निर्णय, कामाच्या आरंभीच पहिला हप्ता आणि देयकासाठी निश्चित मुदत, एवढ्या तीन गोष्टींसाठी नव्या तरतुदीची गरज नाही. चौथी गोष्ट तर कायद्यानेच सांगितली आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदान योजनांसाठी दिलेल्या रकमा आणि लाभार्थींचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. त्या यादीत मंजुरीची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख शेजारी-शेजारी छापली, तर दोहोंमधील अंतर कोणालाही मोजता येईल. पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी नगरसेवकांनी आणि नागरिकांनी आकड्यांच्या आधी हे अंतर विचारावे.