लढाई झाली नाही म्हणून गड नापास?

फोनवर ‘प्रतापगड’ टाइप करा. अफझलखान येईल, जावळी येईल, महाबळेश्वरहून किती किलोमीटर तेही येईल. गोंदिया जिल्ह्यातला प्रतापगड हवा असेल तर पुढे तालुका लिहावा लागतो, अर्जुनी मोरगाव. याचा राग नाही. साताऱ्याचा प्रतापगड मोठाच. राग येतो तो पुढच्या प्रश्नाचा: “पण तिथं लढाई कुठली झाली?”

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. विदर्भातला एकही नाही. ‘पुन्हा अन्याय’ म्हणून यावर गळा काढण्यात मला अर्थ वाटत नाही. यादीचं नावच मराठा लष्करी स्थापत्य. गोंडांचा गड तिच्यात घुसवायचा तर आधी त्याला मराठा ठरवावं लागेल, आणि ते आणखी वाईट.

खरी गोम 2019 मध्ये दिसली. किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याच्या बातमीवरून गदारोळ उठला. तेव्हा सरकारने खुलासा केला: शिवाजी महाराजांशी संबंधित आणि संरक्षित किल्ले वर्ग एकमध्ये, त्यांना हात लावणार नाही, विचार चाललाय तो वर्ग दोनमधल्या, बाकीच्या किल्ल्यांचा. माझं भांडण या ‘बाकीच्या’शी आहे. कारण हे वर्ग एकट्या सरकारच्या डोक्यात नाहीत. शाळेपासून रील्सपर्यंत आपण किल्ला मोजतो तो वेढा, बुरूज, तोफ आणि तलवार या मापाने. ते माप सह्याद्रीत शिवलेलं आहे.

आमच्या भागात गड या शब्दाचा अर्थच वेगळा होता. गढा-मंडल्याच्या संग्रामशाहाचे 52 गढ सांगतात, ते म्हणजे 52 इमारती नव्हेत. एकेका गढाखाली शेकडो गावं मोजलेली असत. गढ म्हणजे मुलूख: त्यातलं जंगल, शेत, पाणी आणि त्यावर जगणारी माणसं. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जाऊन बघा. तिथे तट नाही, दरवाजा नाही. डोंगरात प्रचंड गुहा आहे, आणि माघ पौर्णिमेला वेगवेगळ्या राज्यांतून गोंड समाज तिथे लोटतो. तिथे बुरूज कुठाय, असं त्यांच्यातलं कुणी विचारत नाही.

भिंत हा या व्यवस्थेचा अगदी शेवटचा भाग. दाट जंगलातून हजारोंची फौज आणायची, तिला रोज दाणापाणी पुरवायचं, पावसाळ्यात तापाने माणसं आजारी पडायची, हेच शत्रूला पुरेसं महाग होतं. आणि आतली माणसं तगायची ती तलावांवर. प्रतापगडाच्याच तालुक्यात नवेगावबांध आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, असं परंपरा सांगते. धान पिकलं नाही तर कुठला किल्लेदार किती दिवस टिकणार? माझ्या मते बांधाची पाळ हीसुद्धा तटबंदीच. तिच्यावर कुणी भगवा किंवा पिवळा झेंडा लावत नाही, एवढाच फरक.

आणि लढाईच हवी असेल, तर तीही घ्या. गोंदिया शहराजवळच्या कामठ्याला (नागपूरजवळची कामठी वेगळी) किल्ला होता. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीला आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतरही, 1818 मध्ये, कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठले. इंग्रजांनी किल्ला घेतला, जमीनदारी काढून दुसऱ्या घराण्याला दिली. म्हणजे आपल्याच मापाने हा किल्ला पास व्हायला हवा होता. तरी गोंदियातल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? मग अडचण लढाईची नाहीच. कुणाची लढाई, याची आहे.

‘विकास करा’ म्हणणाऱ्यांचीही मला भीती वाटते. त्यांचा विकास म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या, कमान आणि सेल्फी पॉइंट. प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही तिथेच आहे, आणि लोक दोन्हीकडे जातात. उद्या कुणी सुशोभीकरणाच्या नावाखाली गडाला एकच इतिहास चिकटवायला आलं, तर पहिला वार यावरच होईल. चंद्रपुरात इको-प्रोच्या पोरांनी 2017 पासून गोंडकालीन परकोटावरची झाडंझुडपं काढली. कमानीचं टेंडर नाही, हातात कोयते आणि फावडी. हे पटतं.

पण प्रतापगड नुसता साफ करून भागणार नाही. मालगुजारी 1951 मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ कुणी सावरायची, गाळ कुणी काढायचा, हे गावाच्या हातातून निसटलं. गडाचं संवर्धन म्हणाल तर आराखड्यात खालचे तलाव, पाट, बोड्या आणि जंगलही आलं पाहिजे. लाकूड, चराई यांवर गावाचा हक्क कुठे आणि किती, हे निस्तारपत्रकात लिहिलेलं असतं. गडाखालच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत ते मागून घ्यावं, मोठ्याने वाचावं, आणि आज त्यातलं काय उरलंय ते शेजारी लिहावं. पुरातत्त्वाचा माणूस मोजपट्टी घेऊन येईल तेव्हा त्याच्या हातात आधी तो कागद द्या.