गोष्ट सांगून झाली, आता ऐका

नातवंडं धडा घडाघडा वाचतात आणि आपण खूश होतो. पुस्तक मिटून विचारा, "काय झालं त्यात?" पुष्कळदा मूल गप्प. अक्षरं येतात, अर्थ हाती लागत नाही.

मैत्रिणींनो, उपाय बिनखर्चाचा आहे. गोष्ट सांगा आणि मग तीच मुलाकडून ऐका. मेघकुमारच्या पूर्वभवाची घ्या. वणवा पेटला, हत्तीने खाजवायला पाय उचलला, तेवढ्या जागेत ससा येऊन बसला. अडीच दिवस हत्तीने पाय टेकवला नाही. पाच वर्षांचं मूल परत सांगताना ससा लक्षात ठेवतं, वणवा विसरतं. टोकू नका. "ससा तिथे का आला?" एवढंच विचारा. वणवा आठवतो, आणि कशामुळे काय झालं ते त्याचं तेच जोडतं. धडा समजायला हेच जोडणं लागतं. "तात्पर्य काय?" मात्र नको, त्यावर पोपटपंची ऐकायला मिळते.

आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालशिक्षणाचं काम सुरू केलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, आणि गिजुभाईंनी गोष्ट कशी सांगावी यावर आख्खं पुस्तक लिहिलंय! गोष्ट म्हणजे त्यांना वेळ घालवणं वाटत नव्हतं.

विरार लोकलमधून दमून येणाऱ्या सुनेकडून ही अपेक्षा नको. आपलं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, झोपेपर्यंत वेळ आपल्याकडेच असतो. मूल गुजरातीत सांगो, मारवाडीत की मराठीत, सांगू द्या.